मागे घेतलेली ओळख

भिंगारदिवे काका पहिल्यांदा माझ्या टायपिंग क्लासमध्ये आले, तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "उत्तर कोणीकडं आली?"

मला वाटलं, कसल्या तरी प्रश्नाचं उत्तर मागताहेत. मी गोंधळून बघत राहिले. तोवर त्यांनी खिडकीतून येणारं ऊन पाहिलं, स्वतःशीच मान हलवली, खुर्ची थोडी फिरवली आणि बसले. पुढे दोन वर्षं ते दर शनिवारी येत होते आणि खुर्ची तशीच फिरवून बसत होते. आपण कुठे बसलोय ते कळल्याशिवाय त्यांना बसवत नसे.

किसन रामा भिंगारदिवे, निवृत्त मोजणीदार. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. काळा, उंच, हाडापेराने रुंद माणूस. पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेन्सिली. त्यांचं गाव मिरजगावच्या पुढे, पण बायको गेल्यावर ते नगरला एका खोलीत एकटेच राहायचे. मुलगी अकोले तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होती.

हे सगळं अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव सालचं. माझ्या क्लासात तेव्हा नुकताच इंटरनेट आला होता. टायपिंग शिकायला येणाऱ्या मुलीसुद्धा तो कॉम्प्युटर लांबूनच बघत. काकांनी शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. परदेशातल्या एका संग्रहालयाने दख्खनचे जुने फोटो इंटरनेटवर ठेवले होते. काचेच्या प्लेटांवरचे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे. बहुतेकांवर गावाचं नाव नाही, साल नाही. ज्याला ओळखता येईल त्याने कळवावं, असं आवाहन होतं.

"हे बघता येईल का इथं?" त्यांनी विचारलं.

त्या वेळी फोटो एकदम उघडत नसे. वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायचा. लोक कंटाळून चहाला जायचे. काकांना मात्र ते फार आवडलं. "आधी डोंगर येतो," ते म्हणाले, "मग झाडं, मग माणसं. मोजणीत असंच असतं."

पहिल्याच शनिवारी डोंगराची कड उतरली आणि खालचं काही दिसायच्या आत ते म्हणाले, "अकोले तालुका. भंडारदऱ्याच्या अंगाचा." फोटोखाली पुण्याजवळचं एक भलतंच नाव होतं. पूर्ण फोटो उघडला, तर दरीत भाताची खाचरं होती. काकांनी खाचरांवर पेन्सिल ठेवली. "ही आता पाण्याखाली आहेत. म्हणजे फोटो धरणाच्या आधीचा. लिहा."

मी इंग्रजीत टाइप केलं. त्यांची इंग्रजी कचेरीतली होती. सुरुवात "सविनय सादर करतो"सारखी व्हायची आणि शेवटी "आपला आज्ञाधारक". तिथे हे काम बघणारी मार्गारेट नावाची एक बाई होती. तिचं उत्तर आठवड्याने आलं. नाव दुरुस्त केलं होतं आणि जगभर हे काम करणाऱ्या दहा-बारा हौशी लोकांच्या पत्रव्यवहारात काकांना सामील करून घेतलं होतं. त्यात स्कॉटलंडचा एक म्हातारा होता. तो टोप्या आणि गणवेश बघून साल सांगायचा. काका त्याला 'टोपीवाला' म्हणायचे. कॅनडाची एक बाई शिवणयंत्रांवरून काळ ठरवायची. काकांना ते सगळे 'सर्व्हेअर' म्हणायला लागले. त्या दिवशी काका ते पत्र घडी करून घरी घेऊन गेले.

त्यांच्या बोलण्यात 'असेल', 'साधारण', 'बहुतेक' हे शब्दच नव्हते. एक तर 'आहे', नाही तर 'माहीत नाही'. मी एकदा म्हटलं, "काका, साधारण एकोणीसशेच्या सुमाराचा लिहू का?" ते म्हणाले, "साधारण लिहून बांध घातला, तर दोन घरांत कुऱ्हाडी निघतात."

एका फोटोत दुष्काळी कामावर माती वाहणारी माणसं होती. चाळीस-पन्नास बाया, पुरुष, पोरं. खाली फक्त 'कुली' लिहिलेलं. काकांनी कळवलं की, हा शब्द काढून 'दुष्काळी कामावरचे मजूर, नावे माहीत नाहीत' असं लिहावं. मार्गारेटने मजूर लिहिलं, पण नावांबद्दलचं वाक्य गाळलं. जागा वाया जाते, असं तिचं म्हणणं. काकांनी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्यात लिहिलं होतं, "त्यांना नावे होती. ती आपल्याला माहीत नाहीत, हे आपण लिहिले पाहिजे." शेवटी तिने ते वाक्य घातलं.

त्यांची कीर्ती शहरात थोडी पसरली, तेव्हा एक बडे वकील जुना फोटो घेऊन आले. त्यांचे आजोबा कलेक्टरसाहेबांच्या शेजारी बसलेले आहेत, असं त्यांना काकांच्या सहीने लिहून हवं होतं. काकांनी भिंग लावलं, टोपीवाल्याला विचारलं, पंधरा दिवसांनी निकाल दिला. "आजोबा तुमचेच. शेजारी कलेक्टर नाही, पलटणीचा बँडमास्तर आहे." वकीलसाहेब आमच्या जिन्यावरून जे उतरले, ते पुन्हा चढले नाहीत.

मी हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना काही कमी पडत नव्हतं. कशाला विचारायला आले?"

नोकरीतलं ते क्वचित बोलायचे. एवढं कळलं होतं की, मोजणीला गेल्यावर गावोगावी लोक त्यांच्या हातून नकाशाचा कागद घ्यायचे आणि पाणी मात्र वरून ओंजळीत ओतायचे. त्यांच्या वडिलांनी छपन्न साली धर्म बदलला. त्यामुळे पाणी ओतायच्या पद्धतीत काही फरक पडला नाही, असं ते कसलाही सूर न लावता सांगायचे. आणखी एक गोष्ट त्यांच्या पुतण्याकडून, सुभाषकडून कळली. एकदा वरिष्ठांनी मुद्दाम त्यांना स्वतःच्याच गावी पाठवलं. सख्ख्या भावाच्या आणि शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा होता. काकांनी मोजलं आणि दोन हात जमीन शेजाऱ्याची निघाली. तसं लिहून दिलं. भाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही.

"आमच्या बापानं उभी हयात त्या दोन हातांवर काढली," सुभाष म्हणाला होता. तरी तो काकांना मानायचा. शिकलेला, तिशीचा, वस्तीवरच्या पोरांचा पुढारी होता तो.

आता त्या विहिरीच्या फोटोचं सांगते.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एक नवा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'विहीर, दख्खन, स्थळ अज्ञात'. फोटो धुरकट होता, मागचा डोंगर म्हणजे नुसता करडा डाग. पुढे विहीर, तिच्याभोवती दहा-बारा झोपड्या, दुहेरी खोडाची एक चिंच, आणि डोक्यावर घागर घेतलेली एक पाठमोरी बाई. विहिरीच्या काठावर थारोळं होतं, म्हणजे मोटेचं पाणी पडतं तो दगडी हौद. त्याचा एक कोपरा तुटलेला.

काका उठून उभे राहिले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"ही आमची हीर हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी गावची भाषा आलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "त्या तुटक्या कोपऱ्यावर मी बसायचो. आई धुणं धुवायची. ही हीर महारवाड्याची. ह्या आमच्या झोपड्या."

मी ते टाइप केलं. महिन्याभरात फोटोखाली त्यांच्या गावाचं नाव लागलं.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे अजून तीच माणसं राहतात.

या फोटोला फार महत्त्व होतं, हे मला सुभाष आला तेव्हा कळलं. विहीर तेव्हा अर्धी बुजलेली होती. थारोळं केव्हाच कोणी उचलून नेलेलं, चिंच तोडलेली. विहिरीभोवतीची जागा गावातल्या सोसायटीच्या चेअरमनने गोदामासाठी मागितली होती. ती जागा पूर्वीपासून गावकीची, वस्ती तिथे कधी नव्हतीच, असं त्याचं म्हणणं. वस्तीवाले म्हणत होते, आमची मूळ वस्ती तिथेच होती, एका साथीत ती उठवून ओढ्यापलीकडे नेली, जागा आमची आहे, तिथे आम्हाला विहार आणि वाचनालय बांधायचंय. खरा कागद मात्र कोणाकडे नव्हता. त्या गटाचं जुनं टिपण, म्हणजे मोजणीचा मूळ कागद, दप्तरातून गहाळ होतं. काकांनी नोकरीत असताना वर्षानुवर्षं ते शोधलं होतं.

आता फोटोच मिळाला. तहसीलदार सरळ माणूस होता. संग्रहालयाचं पत्र आणि मोठा प्रिंट आणा, मी तो पुरावा विचारात घेतो, असं त्याने सुभाषला सांगितलं. मार्गारेटने दोन प्रिंट आणि पत्र पोस्टाने पाठवलं. सुभाषने एक प्रिंट तहसिलीत दाखल केला. वस्तीवर त्या दिवशी पेढे वाटले. सुभाषने मलाही आणून दिले. "काकांनी आमच्या बापाचं फेडलं," तो म्हणाला.

दुसरा प्रिंट काकांकडे होता. त्यांना पुरावा आणखी पक्का करायचा होता. फोटो नेमका कोणत्या जागेवरून काढला, ती जागा नकाशावर दाखवायची, म्हणजे कोणी शंका काढणार नाही. त्यासाठी ते गावी गेले. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले, तेव्हा शनिवार नव्हता. खुर्ची न फिरवता बसले.

"डोंगर जुळत न्हाई," ते म्हणाले.

मोठ्या प्रिंटमध्ये डोंगर स्पष्ट दिसत होता. त्याच्या कडेला उजव्या हाताला एक खोल खाच होती. गावच्या डोंगरालाही अगदी तशीच खाच होती, पण विहिरीकडून बघितलं की ती डाव्या हाताला येते. पलीकडून बघावं तर डोंगर पाठीमागे जातो. काका तीन दिवस त्या विहिरीभोवती फिरले होते. खाच उजवीकडे येईल अशी एकही जागा नव्हती.

"मग थारोळं? चिंच?" मी म्हटलं.

"तुटकी थारोळी गावोगाव हायेत. दुहेरी चिंचा हायेत. डोंगर मात्र जागचा हलत न्हाई." मग म्हणाले, "मला ती आमची हीर असायला हवी होती. म्हणून दिसली. घ्या, लिहा. ओळख मागे घेतो."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. "काका, तुमची चूक झाली असेल तर नंतर दुरुस्त करू. निकाल पुढच्या महिन्यात आहे. तेवढं थांबू या. तिथे तुमची वस्ती होती, हे तर खरंच आहे ना?"

"वस्ती होती. ह्या फोटोत ती हाय का, एवढाच प्रश्न हाय. निकाल ह्या फोटोवर लागणार. म्हणून आजच लिहा."

मी लिहिलं. त्यांनी काढून आणलेला विहिरीचा आणि डोंगराचा नकाशाही पोस्टाने पाठवला. मी नकार देऊ शकले असते, लाइन बंद आहे म्हणू शकले असते. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते. त्याच दिवशी ते स्वतः तहसिलीत गेले आणि लेखी देऊन आले.

फोटो पुराव्यातून निघाला. जागा सोसायटीला मिळाली.

सुभाष माझ्या क्लासात आला. काका तिथेच होते. तो ओरडला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, त्यांच्याकडचे कागद खोटे होते, तरी त्यांनी फाडले न्हाईत. आपल्याकडं एकच खरा हुता, त्यो तुमी फाडला."

"त्यो खरा नव्हता, सुभाष."

"तुमी आदी बापाचे दोन हात घालवले. आता समद्या वस्तीचं घालवलं. तुमाला आपलं मानूस दिसलं की मोजायची हुक्की येती." एवढं बोलून तो गेला.

त्याहून वाईट पुढे घडलं. चेअरमन चार माणसं, नारळ आणि शाल घेऊन काकांच्या खोलीवर आला. मी योगायोगाने तिथे एक पत्र द्यायला गेले होते. चेअरमन म्हणाला, "भिंगारदिवे साहेब, अशी सचोटीची माणसं आता राहिली न्हाईत. गावाला अभिमान हाय." चेअरमनच्या घरातल्या कोणी काकांना साहेब म्हणायची ती पहिली वेळ असणार. त्याने शाल अंगावर घालायला हात पुढे केले. काका एक पाऊल मागे सरकले. म्हणाले, "ती घेऊन जा. मी तुमच्यासाठी काही केलं न्हाई." चेअरमन हसला, शाल खाटेवर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती की, गावातर्फे प्रामाणिक अधिकाऱ्याचा सत्कार झाला. ती वस्तीवर सगळ्यांनी वाचली.

त्या दिवाळीनंतर सुभाषच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. काकांना पत्रिका आली नाही. ते माझ्याकडे शनिवारी यायचे, पण फोटो उघडला की मान हलवायचे. "माहीत नाही." कोणताही फोटो असो, माहीत नाही. मग एका शनिवारी आले नाहीत. खोलीला कुलूप होतं. मुलगी येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली, असं शेजारणीने सांगितलं.

तीन-चार महिन्यांनी मार्गारेटचं पत्र आलं. मी ते उभ्या-उभ्याच वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. विहिरीच्या फोटोची प्लेट ज्या खोक्यात होती, त्यातल्याच दुसऱ्या एका फोटोत मैलाचा दगड होता आणि त्यावरचे आकडे उलटे उमटले होते. ते टोपीवाल्याच्या नजरेस आलं. तपासल्यावर कळलं की, त्या अख्ख्या खोक्यातल्या काचेच्या प्लेटा उलट्या बाजूने ठेवून कॉम्प्युटरवर घेतल्या गेल्या होत्या. सगळे फोटो आरशातल्यासारखे डाव्याचे उजवे झाले होते. विहिरीचा फोटोसुद्धा. सुलटा करून बघितल्यावर सर्व्हेअरनी दिलेल्या नकाशाशी डोंगर तंतोतंत जुळतो, असं तिने लिहिलं होतं. त्यांची मूळ ओळख पुन्हा लावण्यात आली होती. झाल्या गैरसोयीबद्दल ती दिलगीर होती.

मी फोटो उघडला. डोंगर उतरला, चिंच उतरली, झोपड्या उतरल्या आणि मग ती पाठमोरी बाई. तिचा पदर आता डाव्या खांद्यावरून पाठीवर आला होता, सगळ्या बायकांचा येतो तसा. म्हणजे आधी तो उजव्या खांद्यावर होता. मी रोज साडी नेसते. तो फोटो मी निदान पन्नास वेळा उघडला होता. काका बिचारे डोंगर बघत होते. पदर बघायला मी होते, आणि मला तो दिसला नाही.

पहिल्यांदा मी सुभाषला बोलावलं. त्याने पत्र वाचलं, घडी केली. "आता काय करू ह्याचं, ताई? हिरीवर गोदाम उभं हाय. मुरूम टाकून बुजवली ती." पत्र त्याने टेबलावरच ठेवलं. मी विचारलं, "काकांना भेटायला येतोस?" तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं?" आणि हे तो स्वतःच्या तोंडाबद्दल म्हणाला की काकांच्या, ते मला कळलं नाही.

म्हणून मी एकटीच अकोल्याला गेले. एसटीने तालुक्यापर्यंत आणि तिथून जीपने मुलीच्या गावाला. घर उतारावर होतं. ओट्यावर काका बसले होते, पुढ्यात तांदळाचं ताट. दाढी वाढलेली, शर्टाच्या खिशाला पेन्सिल नाही. मी पत्र दिलं आणि मराठीत समजावून सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. स्वतः वाचलं, दोनदा.

"म्हणजे ती आमचीच हीर."

"हो, काका."

"खाच डावीकडं."

"हो."

त्यांनी पत्र मला परत दिलं. घरात मुलगी चहाची भांडी वाजवत होती. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं गाव असतं, तर मी एवढं तपासलं नसतं. थारोळं बघून सही केली असती. आपलं होतं, म्हणून तीन दिवस फिरलो."

पदराचं मी सांगणार होते, ते ओठांवरच राहिलं. आजपर्यंत ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

पत्राच्या शेवटी मार्गारेटने एक विनंती केली होती. त्या खोक्यातले साठेक फोटो आता सुलटे केले आहेत, सर्व्हेअर ते नव्याने बघतील का? मी ती वाचून दाखवली. माझ्या आवाजात थोडी आशा असावी. तेवढ्यासाठीच मी आले होते.

"त्यांना कळवा," काका म्हणाले, "डोळे गेले. आता दिसत न्हाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"तसंच लिहा," ते म्हणाले.

चहा घेऊन मी खाली रस्त्यावर आले. जीप भरायला अजून दोन माणसं हवी होती, म्हणून ती थांबली होती. वर ओटा दिसत होता. काकांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं होतं. उन्हात तांदूळ बोटाने पसरत ते एकेक खडा टिपत होते. एक तर इतका बारीक होता की चिमटीत काही आहे असं मला वाटलंच नाही. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि ओट्याखाली टाकला.